नळी कोणी बसवली

मी, खाली सही करणारा, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, धंदा जुन्या मोटारसायकलींची दुरुस्ती, राहणार दुकानाच्या वरच्या दोन खोल्या, हे मृत्युपत्र स्वतःच्या अकलेने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. त्यांनी मला आजची तारीख आणि वार विचारला, आणि वार त्यांचाच चुकला, पण दाखला मला मिळाला. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. एका माणसाने आणले, ते कलम सहामध्ये येईल. डोळे चांगले आहेत, कान कामापुरते आहेत, हात मात्र थरथरतात, म्हणून अक्षराला कोणी हसू नये.

गल्लीत मला थेंबमिस्त्री म्हणतात. गाडी दुरुस्त झाली की टाकीत पेट्रोल भरून, खाली वर्तमानपत्र पसरून, मी ती एक दिवस उभी ठेवतो. कागदावर एक थेंब दिसला तरी गाडी देत नाही. गिऱ्हाइके कटकट करतात. त्यामुळे हे टोपणनाव निम्मे कौतुकाचे आणि निम्मे वैतागाचे आहे.

याआधी मी एक मृत्युपत्र केले होते. ते धाकट्याच्या लग्नाच्या रागात केले होते, आणि सून घरी आल्यावर महिनाभरात तो राग उतरला. ते रद्द समजावे.

कलम १. वरच्या दोन खोल्या मी माझ्या धाकट्या मुलाला देतो. मागच्या खिडकीची कडी बाहेरून ओढली की निघते, ती त्याने आधी बदलावी. मला चाळीस वर्षे वेळ झाला नाही.

कलम २. बँकेत जे काही आहे तेही धाकट्यालाच द्यावे. माझ्यामागे गाजावाजा करू नये. माझ्याबद्दल भाषण करायची हौस कोणाला असेल तर त्याने कलम पाच मोठ्याने वाचावे.

कलम ३. मागच्या गल्लीतल्या लेथवाल्याकडे माझा मापाचा वर्नियर सहा वर्षांपासून पडून आहे. सहा वर्षे मी त्याच्याशी बोललो नाही. लोक समजतात वर्नियरमुळे. वर्नियरसाठी कोणी इतका अबोला धरत नाही. खरे कारण असे, की माझी थोरली मुलगी माझ्या दुकानातून निघून गेली तेव्हा त्याने तिला आपल्या शेडमध्ये एक टेबल आणि एक दिवा दिला. मला वाटले, माझ्या घरातल्या भांडणात हा तेल ओततो आहे. आता वाटते, त्याने केले ते मी करायला हवे होते. वर्नियर त्याने ठेवावा.

कलम ४. थोरली का गेली हे सांगायचे तर आधी एका पितळी नळीबद्दल सांगावे लागेल. वाचणाऱ्याने धीर धरावा.

जुन्या कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल जिथून आत येते तिथे करंगळीहून बारीक अशी एक पितळी नळी असते. टाकीकडून आलेला रबरी पाइप तिच्यावर चढतो. कार्ब्युरेटरची बॉडी जस्ताच्या ओतकामाची, आणि नळी तिच्यात कारखान्यातच दाबून बसवलेली. तिला आटे नाहीत, स्क्रू नाही, नुसत्या घट्टपणावर ती उभी असते. लोक वर्षानुवर्षे तो पाइप ओढून काढतात, पुन्हा ढकलून घालतात, आणि एक दिवस नळी दातासारखी हलायला लागते. मग तिच्या बुडाशी ओल येते. आणि तिच्या शेजारीच तापलेला सिलिंडर असतो.

यावर आमच्या उस्तादांनी मला एक उपाय शिकवला होता. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवायची, नळीच्या बुडाला तिचा हात द्यायचा, नळी दाबून बसवायची आणि वाळू द्यायची. स्पिरिट उडून जाते, लाख दगड होते. पेट्रोल लाखेचे काही बिघडवत नाही. मी एक्केचाळीस वर्षे असेच केले आणि एकही नळी परत आली नाही. पुढे पेट्रोल बदलले. त्यात अल्कोहोल मिसळायला लागले, म्हणजे स्पिरिटचाच भाऊबंद. पंपावर तशी पाटीही लागली. मी ती पाटी वाचली आणि टाकी भरून घरी आलो.

थोरली तेव्हा माझ्या बाकावर अकरा वर्षे काम करत होती. कॉलेज पुरे करून स्वतःहून आली होती, मी बोलावले नव्हते. कार्ब्युरेटरची सुई, फ्लोट, जेट यांत तिचा हात माझ्यापेक्षा हलका होता. हे मी तिला कधी सांगितले नाही, गिऱ्हाइकांना मात्र सांगत असे. गणिताच्या सरांची मोटारसायकल आली, त्यांच्या वडिलांच्या वेळची, नळी हललेली. मी लाखेची बाटली पुढे सरकवली. ती म्हणाली,

"बाबा, लाख तुम्ही कशात विरघळवता?"

"स्पिरिटमध्ये. अकरा वर्षं काय डोळे मिटून बसली होतीस?"

"आणि पेट्रोलमध्ये हल्ली काय घालतात?"

मी बाटलीचे बूच काढले. ती म्हणाली, "लेथवर केसभर जाड नळी करून घेऊ. बॉडी उकळत्या पाण्यात ठेवू, नळी बर्फात, आणि लाकडाच्या ठोकळ्यांत धरून व्हाइसच्या शिकंज्यात दाबू. बॉडी गार झाली की स्वतःच आवळेल. लाख नकोच."

मी म्हणालो, "तुझं वय किती, माझ्या लाखेचं वय किती? लाव गपचूप."

तिने लावली. मी शिकवले होते तशीच, अगदी नीट लावली. कागद दिवसभर कोरडा राहिला आणि सर गाडी घेऊन गेले. लाख एका दिवसात सुटत नाही, तिला तीन आठवडे लागले.

कलम ५. सर घराच्या फाटकाशी गाडी चालू ठेवून फाटकाची कडी काढत होते. नळी सुटली, पेट्रोल सिलिंडरवर सांडले आणि भडका उडाला. शेजाऱ्यांनी रेती टाकून विझवला. सरांची उजवी पोटरी आणि एक हात भाजला. गाडी वाचली, टाकीचा रंग गेला. सरांनी तो पुन्हा लावून घेतला नाही, आणि गाडी विकून टाकली.

विकण्याआधी त्यांनी ती माझ्याकडे पाठवली होती. मी एकट्याने कार्ब्युरेटर उतरवला. नळीच्या बुडाशी लाख डिंकासारखी मऊ झाली होती, नखाने निघाली. मी ती चिंधीने पुसली. म्हणजे मला त्या दिवशीच सगळे कळले होते. हे मी इथे मुद्दाम लिहितो, कारण नंतर कोणी म्हणेल, म्हाताऱ्याला उशिरा उमजले. उमजले वेळेवर होते.

आठवड्याने सर पट्टी बांधलेल्या हाताने दुकानात आले. शेजारचा टेलर होता, लेथवाला होता, दोन गिऱ्हाइके होती. सरांनी आवाज चढवला नाही. एवढेच विचारले, "मिस्त्री, नळी कोणी बसवली होती?"

मी म्हणालो, "थोरलीने."

यात एक अक्षर खोटे नव्हते. आणि याच्याइतके मोठे खोटे मी जन्मात बोललो नाही.

ती बाकाशी उभी होती. तिने माझ्याकडे पाहिले. मी पुढे काही बोलेन म्हणून ती थांबली होती, हे मला तेव्हाही कळत होते. मी पान्हे आवरायला लागलो. तिने हात धुतले, एप्रन खिळ्याला अडकवला आणि ती गेली. तिने सरांना लाखेबद्दल सांगितले नाही. चारचौघांत बापाला खोटे पाडायचे नाही असे तिने ठरवले असेल, किंवा ते मी स्वतः सांगावे अशी तिची अपेक्षा असेल. मी सहा वर्षे यातले पहिले कारण खरे धरले, कारण ते मला सोयीचे होते.

बाजारात बातमीला पाय लागत नाहीत. थोरलीने बसवलेल्या नळीने आग लागली, हे पेट्रोल पंपापासून सुट्या भागांच्या दुकानांपर्यंत सगळ्यांना कळले. तेव्हापासून तिच्या हाती कोणी कार्ब्युरेटर दिलेला नाही. लेथवाल्याच्या शेडमध्ये ती शिलाई मशिने आणि पाण्याचे पंप दुरुस्त करते. चांगली करते. पण तिचे काम ते नव्हे.

मी काय केले तेही लिहितो. लाख लावलेल्या आणखी अकरा गाड्या माझ्या आठवणीत होत्या. 'जुन्या गिऱ्हाइकांसाठी फुकट तपासणी' अशी पाटी लावून मी त्या एकेक करून बोलावल्या आणि सगळ्यांच्या नळ्या बदलल्या, उकळते पाणी आणि बर्फ वापरून, थोरलीने सांगितले होते तशा. नव्या नळ्या बाजाराच्या दुसऱ्या टोकाच्या लेथवरून करून आणल्या. लोक म्हणाले, थेंबमिस्त्रीचे मन मोठे आहे. मी ते ऐकून घेतले.

माझ्या बायकोने मला एकदाच विचारले होते, "लाख कोणाची होती?" मी म्हणालो, "जेवायला वाढ." तिने वाढले. जाण्याआधी आजारात ती मला म्हणाली होती, "सुंभ जळाला तरी तुमचा पीळ जायचा नाही." ती जाऊन चार वर्षे झाली. लेक रोज तिला बघायला यायची, पण मी दुकानात असतानाच, म्हणजे वर माझी गाठ पडणार नाही अशा बेताने. जिना दुकानातूनच जातो. सहा वर्षांत आम्ही जे बोललो ते एवढेच, "आई जागी आहे का?" आणि "आहे."

कलम ६. माझी स्वतःची मोटारसायकल, एका सिलिंडरची, सरांच्या गाडीचीच जोडीदार, मी गणिताच्या सरांना देतो. यंदा तिची नळी हलायला लागली. मी दुरुस्तीला बसलो. उकळत्या पाण्यातून बॉडी काढली आणि थरथरत्या हाताने नळी तिरकी लागली. तिरकी नळी जोराने दाबली तर जस्ताची बॉडी तडकते. मी थांबलो. दोनदा थांबलो. तिसऱ्यांदा पाणी ठेवलेच नाही, आणि त्याच दिवशी वकीलबाईंना फोन केला.

त्यानंतर हे कलम मी असे लिहिले होते: "गाडीची नळी माझ्या थोरल्या मुलीने सरांच्या समक्ष बसवावी, आणि कलम पाच त्या वेळी सर्वांसमोर वाचून दाखवावे, म्हणजे माझ्या मृत्यूनंतर तिच्यावरचा डाग धुतला जाईल." मला हे फार चांगले जमले असे वाटले. साक्षीदार म्हणून टेलरला बोलावले. टेलरच्या तोंडात तीळ भिजत नाही, पण माणूस सरळ आहे, आणि त्याच्या दोन्ही मशिनांची देखभाल थोरलीच करते. त्याने कागद वाचला, चष्मा काढला आणि पेनाला टोपण लावले.

"मी नाही सही करत."

"का? काय खोटं आहे त्यात?"

"खोटं काही नाही. पण मिस्त्री, हे तुम्ही मेल्यावर वाचायचं?"

"मृत्युपत्र आहे. आणखी कधी वाचतात?"

"म्हणजे तिचं नाव साफ व्हायला तिने तुमच्या मरणाची वाट बघायची. पोरीला हे देऊन जाताय तुम्ही?"

मी म्हणालो, तू शिलाई बघ, कायदा मला शिकवू नकोस. तो म्हणाला, "कायदा वकीलबाईंना विचारा. वरातीमागून घोडं काढू नका, एवढंच सांगतो. ती दोन गल्ल्या पलीकडे बसलीय. आज जाऊन या, उद्या सही करतो." आणि तो गेला. सुरुवातीला म्हटलेले दडपण ते हेच. मी त्याला दिवसभर शिव्या दिल्या. बापाच्या मरणाची वाट बघणारी लेक मीच कागदावर तयार केली होती, हे डोक्यातून जाईना.

कलम ७. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास मी लेथवाल्याच्या शेडमध्ये गेलो. टेलरला सोबत नेले, कारण सरांनी विचारले त्या वेळी हजर असलेल्यांसमोरच बोलायचे होते. लेथवाल्याने मला पाहून मशीन बंद केले. थोरली पंपाचे झाकण उघडत होती. तिचे केस पुढून पिकले आहेत, हे मला माहीत नव्हते. मी उभ्यानेच बोललो. कागद वाचून दाखवणार होतो, पण हातात धरवेना, म्हणून तोंडी सांगितले.

"सरांच्या गाडीची नळी तू बसवलीस. लाख मी लावायला लावली. तू नको म्हणाली होतीस. मला नंतर कळलं होतं, आणि मी गप्प बसलो. चूक माझी होती, तुझी नव्हती."

तिने पंपाचे झाकण खाली ठेवले. म्हणाली, "हे मला माहीत होतं, बाबा. तुम्हाला माहीत आहे की नाही, एवढंच मला माहीत नव्हतं."

मला रडू आले, ते लिहायला मला लाज वाटत नाही. ती उठली नाही, जवळ आली नाही. एक स्टूल पायाने माझ्याकडे सरकवले. मी बसलो. लेथवाला चहा सांगायला बाहेर गेला, आणि जाताना टेलरलाही ओढून घेऊन गेला.

मग ती म्हणाली, "सरांना सांगितलंत?"

"नाही."

"मग अर्धंच झालं."

सरांना मी त्याच दुपारी घरी जाऊन सांगितले. त्यांनी पँट वर करून पोटरी दाखवली, रागाने नव्हे, वर्गात फळ्यावरची आकृती दाखवावी तशी. म्हणाले, "मिस्त्री, उत्तर चुकलं याचं मला एवढं वाटत नाही. पोरांचंही चुकतं. पण दुसऱ्याच्या वहीत चूक ढकलली की मी पूर्ण मार्क कापायचो." मी मान खाली घातली. मग त्यांनी विचारले, "ती अजून कार्ब्युरेटर करते का?" मी म्हणालो, कोणी देत नाही. सर म्हणाले, रविवारी येतो.

रविवारी सर आले, टेलर आला, लेथवाला आला. चारपाच गिऱ्हाइकेही आली, त्याअर्थी टेलरने आपले काम केले होते. मी पुन्हा सगळ्यांसमोर बोललो. दुसऱ्यांदा सोपे जाईल असे वाटले होते, गेले नाही. मग थोरलीने माझ्या गाडीचा कार्ब्युरेटर उतरवला. लेथवाल्याने करून आणलेली नळी तिने मापाने तपासली, पुन्हा तपासली आणि थोडी घासून घेतली. बॉडी उकळत्या पाण्यात, नळी बर्फाच्या वाटीत. बॉडी पुरती तापू दिली. तिने फडक्याने बॉडी उचलली, ठोकळ्यांत धरली, नळी टेकवली आणि व्हाइसचा दांडा एकाच दमात, सावकाश फिरवला. नळी सरळ आत गेली. तिने अंगठ्याने हलवून पाहिली आणि मग कार्ब्युरेटर आधी माझ्याकडे न देता सरांकडे दिला. सरांनीही हलवून पाहिली.

गाडी पेट्रोल भरून दिवसभर कागदावर उभी राहिली. सोमवारी कागद कोरडा होता, पण मला आता एका दिवसाचा भरवसा वाटत नाही. ती महिनाभर उभी होती आणि कागद रोज मी स्वतः तपासत होतो. गाडी सरांना आत्ताच देऊ केली. ते म्हणाले, तुम्ही आहात तोवर दुकानात राहू द्या, मी येऊन बसत जाईन. म्हणून कलम सहा आणि गाडी दोन्ही कायम. मात्र नळी बसवण्याचे आणि वाचून दाखवण्याचे शब्द मी त्यातून खोडले आहेत, कारण ते काम झाले. त्या महिन्यात थोरलीकडे तीन कार्ब्युरेटर आले. त्यातला एक वर्षानुवर्षे माझ्याकडे येत असे. मला वाईट वाटले आणि बरेही वाटले, दोन्ही एकदम.

कलम ८. दुकान, बाक आणि सगळी अवजारे थोरलीला देतो असे कलम मी लिहिले होते. ते या मृत्युपत्रात नाही, त्याचे कारण असे. टेलर सहीला बसला तेव्हा मी म्हणालो, माझी आरामखुर्ची याच्या नावे लिहा. वकीलबाई म्हणाल्या, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही, दिले तर ते देणे रद्द होते. मी विचारले, त्याच्या बायकोला? म्हणाल्या, तेही चालत नाही. मग मी खुर्ची त्याला तिथेच हाताने देऊन टाकली, आणि तो तिच्यावर बसला.

थोरली तोवर माझ्या बाकावर परत आली होती, आणि काम करत हे ऐकत होती. ती म्हणाली, "मग मलाही हातातच द्या. तुमच्यामागे काही नको."

"का?"

"सही मी करते. दुसरा साक्षीदार लागतोच ना?"

वकीलबाईंनी तिला दोनदा समजावले, की एकदा सही केलीस तर या कागदातून तुला सुतळीचा तोडासुद्धा मिळणार नाही. ती म्हणाली, "चालेल. सही हवी." मी धाकट्याला फोन लावला. तो म्हणाला, "बाबा, दुकान ताईचंच आहे. मला स्क्रूड्रायव्हर सरळ धरता येत नाही. मला कशाला विचारता?" तेव्हा दुकान, बाक आणि अवजारे मी नोंदवलेल्या बक्षीसपत्राने थोरलीला माझ्या हयातीतच दिली आहेत. मी आता तिच्या दुकानात बसतो. सकाळी शटर तीच उघडते आणि मला उशीर झाला तर बोलते.

कलम ९. वर लिहिलेले सगळे मी साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवले आहे. वाचताना दोनदा थांबलो, एकदा पाण्यासाठी. यात बदल करायचा झाल्यास मी तो जिवंतपणी तोंडाने सांगेन.

ठिकाण: थोरलीचे दुकान, पुढची बाजू.
दिनांक: बावीस, गुरुवार. वार टेलरकडून तपासून घेतला आहे.

सही: (थेंबमिस्त्री)

साक्षीदार पहिला: शेजारचा टेलर. मजकूर ऐकला. मिस्त्रींनी माझ्यादेखत सही केली. खुर्ची मिळाली, ती या कागदातून नव्हे.

साक्षीदार दुसरी: थोरली मुलगी, धंदा कार्ब्युरेटर दुरुस्ती. बाबांनी हे सगळं माझ्यासमोर वाचलं आणि माझ्यासमोर सही केली. सही नेहमीसारखी दिसत नाही, कारण त्यांचा हात थरथरतो. पुढे कधी कोणी विचारलं तर मला बोलवावं. सही त्यांचीच आहे, मी तिथे उभी होते.